नागम्माक्कासाठी ओढलेला दोर

दिवाळी अंकात माणसं आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. कुणी स्टेशनमास्तर असतो, कुणी नर्स, कुणी तुरुंगावरचा अधिकारी. मी ते आवडीने वाचते. शाळा चौथीतच सुटली तरी वाचायची सवय टिकली, कारण वाचताना कुणाशी बोलावं लागत नाही. भाकऱ्यांच्या कामावरच्या बाईने लिहिलेलं मात्र मी अजून कुठे वाचलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा लाजायचंही कारण नाही.

आमचं काम कडक भाकरीचं. सोलापूरबाहेरच्या माणसाला ही भाकरी सांगायची म्हणजे पंचाईत. पापडासारखी पातळ असते, महिनाभर टिकते आणि मोडली की शेजारच्या घरात ऐकू जाते. मंगळवेढ्याची ज्वारी, ऊन पाणी आणि दोन हात, एवढंच सामान. पीठ ताजं पाहिजे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. उंडा परातीत ठेवायचा, थापत थापत फिरवायचा, पातळ झाला की उजव्या हातावर उचलून तव्यावर टाकायचा. भाजलेली भाकरी चुलीच्या उबेला उभी करून ठेवायची, पार खणखणीत वाळेपर्यंत. थापणं सोपं असतं, अवघड असतं ते उचलणं. उचलताना जी बाई विचार करते तिची भाकरी फाटते. हात आपोआप गेला पाहिजे. आमच्या बायकांचे हात आपोआप जात. त्या एका गोष्टीने पुढे भर मैदानात आमची शोभा केली.

भाकऱ्यांचं केंद्र काकींचं होतं. त्यांचं खरं नाव वेगळं, पण दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्यांना काकीच म्हणत. एक पत्र्याची शेड, भिंतीला लागून चुलींची रांग आणि सुरुवातीला कामाला मी एकटी. भाकऱ्यांना मागणी वाढली तेव्हा काकी म्हणाल्या, "शकू, बाया पायजेत. गल्लीत फिर आन चार बाया घिऊन ये."

मला सांगितलं हे! मी दुकानात गेले तर माझ्या मागून आलेली चार माणसं सामान घेऊन जातात. मी बायका कशा गोळा करणार? पण काकींना नाही म्हणायचं तरी बोलावंच लागलं असतं. त्यापेक्षा जाणं सोपं, म्हणून गेले. पदराखाली चार भाकऱ्या घेतल्या.

पहिलं दार रझियाचं. तिचा नवरा यंत्रमागावर होता, तो माग नुकताच बंद पडला होता. मी दारात उभी राहिले. तिने विचारलं, "चंदा मांगने आये क्या?" मी मान हलवली. "फिर? पोलिओका डोस?" मी परत मान हलवली आणि भाकरी पुढे केली. तिने भाकरी घेतली, मोडून खाल्ली आणि मग माझ्या गप्प बसण्याने बेचैन होऊन आपणच बोलायला लागली. नवऱ्याचा गुडघा, बंद पडलेला माग, जावेचा स्वभाव. तास झाला. शेवटी म्हणाली, "अगे बाई, काम है क्या कुछ? हौ तो बोल!" मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती आली.

पद्माकडे जास्त गंमत झाली. पद्मा तेलुगू, घरात सगळे विणकर. मी दारात लाजून उभी, हातात काहीतरी झाकलेलं. तिला वाटलं मी तिच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आले आहे. तिने मला पाटावर बसवलं, पोहे दिले, चहा दिला, मुलीला साडी नेसवून पुढे आणली. मुलगी माझ्या पाया पडली. मी तिच्या हातात भाकरी दिली. दुसरं काय देणार?

"मुलगा काय करतो?" पद्माने विचारलं.

मी अगदी बारीक आवाजात सांगितलं, "भाकरी."

"अम्मो! हॉटेल हाय व्हय?"

तो घोळ निस्तरायला काकींना स्वतः जावं लागलं. पण पोहे खाऊ घातलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून पद्मा आली. आपल्याबरोबर दोन नणंदाही घेऊन आली.

नागम्माक्काला मात्र मी आणलं नाही. ती आपण होऊन आली. वळसंग गावची. नवरा गेल्यावर बहिणीकडे शहरात राहायला आलेली. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी पाट टाकून बसली आणि माझ्याशी हातवारे करून बोलायला लागली. पाणी हवं तर अंगठा तोंडाशी, सरपण हवं तर लाकूड मोडल्याची खूण. मीही खुणेनेच उत्तर द्यायची. महिनाभर असंच चाललं. एक दिवस तवा गार पडला, मी म्हणाले, "तवा गार हाय." नागम्माक्काच्या हातातला उंडा खाली पडला.

"अय्यो शिवा! हिला वाचा हाय की! मग महिनाभर मला नाचवलंस कशाला गं?"

मला वाटत होतं तीच मुकी आहे माझ्यासारखी, बोलायची लाज असलेली. पण ती मुकी कसली. त्या दिवसापासून तिने जे तोंड उघडलं ते मिटलंच नाही. ती गायची. गाणी तिचीच, तिथल्या तिथे जुळवलेली. समोर जे दिसेल ते गाण्यात.

*काकीच्या शेडीत धूर लई झाला,*
*पावणा जावई खोकत आला,*
*च्या न पिताच पळून गेला... टाक!*

'टाक' म्हटलं की भाकरी तव्यावर. एक कडवं, एक भाकरी. उंडा परातीत पडला की कडवं सुरू, आणि 'टाक' आलं की सगळ्या बायकांचे उजवे हात एकदम उठायचे. त्याचा फायदा असा की सगळ्यांच्या भाकऱ्या एका मापाच्या व्हायला लागल्या. ज्या दिवशी नागम्माक्काची सून गावाहून फोनवर तिच्याशी भांडायची त्या दिवशी कडवं लांबायचं आणि भाकऱ्या इतक्या पातळ व्हायच्या की पलीकडचं दिसावं. काकी पहिला घाणा हातात घेऊनच ओळखायच्या, "आज सुनेशी वाजलंय."

बायका आल्यापासून मी थापायला बसत नव्हते. मला काकींनी चुली सांभाळायला दिल्या होत्या. जाळ पुढे-मागे करायचा, तवे बघायचे. तवा गार पडला की 'तवा गार हाय' म्हणायचं, मग बायका भाकरी उचलायच्या नाहीत, नागम्माक्का कडवं वाढवायची. दिवसभरात माझं बोलणं ते एवढंच, आणि मला ते पुरत होतं. शेजारी अखंड बोलणारी बाई असली की आपल्याला कुणी बोल म्हणत नाही. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला आधी कुणी दिलं नव्हतं.

एका फाल्गुनात नागम्माक्का चुलीपुढे चक्कर येऊन पडली. 'टाक' म्हणाली आणि भाकरीऐवजी स्वतःच कलंडली. पाणी मारलं, कांदा हुंगवला, उठून बसली. पण तिचा मुलगा मल्लिनाथ वळसंगहून मोटारसायकलवर आला. शांत माणूस, शेती करणारा.

"अव्वा, आता साक, बास झालं. चल घरला."

"घरला काय करू? भितीकडं बघत बसू?"

"टीव्ही हाय की."

"त्यातली सासू माझ्यापेक्षा वाईट गाती."

मल्लिनाथ काकींना म्हणाला, "काकी, राग मानू नका. उन्हाळाभर हिला चुलीपाशी बसू देणार न्हाय मी. हितं काय गार हवेची सोय असती तर गोष्ट येगळी. चैत्र संपला की घिऊन जातो." शेडीत एक जुना पंखा होता, तो फिरला की फक्त राख उडायची. कूलर घ्यायची काकींची तेव्हा ऐपत नव्हती.

नागम्माक्का नाक वर करून थापत राहिली. पण त्या दिवशी कडवी आखूड झाली आणि भाकऱ्या जाड. मी चुलीत लाकूड सारत होते आणि मला दिसत होतं, माझ्या शेजारचा पाट मोकळा झालाय आणि कुणीतरी मला विचारतंय, 'शकू, बोलत का न्हाईस?'

त्याच आठवड्यात गल्लीच्या मंडळाने चैत्रअखेरच्या उत्सवासाठी बायकांच्या स्पर्धा जाहीर केल्या. रांगोळी, संगीत खुर्ची आणि रस्सीखेच. पद्मा बातमी घेऊन धावत आली. "रस्सीखेचीला पहिलं बक्षीस काय हाय माहितीय का? कूलर! मोठ्ठा! माणूस आत झोपल एवढा!"

सगळ्यांनी एकमेकींचे हात बघितले. वर्षानुवर्षं थापून थापून आमच्या बायकांचे दंड पैलवानासारखे झाले होते. रझिया म्हणाली, "इत्ते दिन भाकरी बनाये, अब दोर खींचके दिखाते." नाव कोण देणार यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मंडळाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. तिथल्या पोराने विचारलं, "मावशी, पाणी पायजे का?" मी प्यायले. "प्रसाद?" घेतला. शेवटी माझ्या मागून आलेल्या पद्मानेच नाव दिलं.

सराव दुपारी चालायचा, भाकऱ्या वाळत लावल्या की. दोर बांधायला खांब मिळेना, म्हणून तो पीठ आणणाऱ्या टेम्पोला बांधला. टेम्पोवाला जेवून आत झोपला होता, हे कुणी बघितलं नाही. ब्रेक लावला नव्हता, हेही नाही. नागम्माक्का कट्ट्यावर बसून गायली, आम्ही ओढलं आणि टेम्पो निघाला. आम्हाला वाटलं केवढी आपली ताकद! आनंदाने अजून ओढला. टेम्पोवाला खिडकीतून ओरडायला लागला, "भूकंप! भूकंप!" गल्लीतली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. एका आजीने तर बाहेर येताना टीव्हीच उचलून आणला.

पण त्या दिवसापासून ओढायचं वेडच लागलं. भांडण झालं की दोघी दोराची दोन टोकं धरायच्या, हरेल तिने चहा करायचा. रझियाचा नवरा गुडघा धरून बघायला यायचा आणि सूचना करायचा. पद्माच्या दोन्ही नणंदा, ज्या घरी एकमेकींशी बोलत नव्हत्या, इथे एकीची टाच दुसरीच्या टाचेला लावून ओढायच्या. मी सगळ्यात मागे, दोराचं टोक कमरेला बांधून. माझ्या वजनाचा तोवर कुणाला उपयोग झाला नव्हता. आता ते केंद्राचं भांडवल ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी बाकीच्या दोन संघांना आम्ही सहज ओढलं. शेवटची लढत पलीकडच्या सोसायटीच्या बायकांशी. त्या रोज सकाळी व्यायाम करायच्या, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, पायात बूट. त्यांच्या पुढारी वैशालीवहिनी, उंच आणि हसऱ्या. आम्ही अनवाणी, पदर खोचलेला. तीनपैकी दोन वेळा ओढेल तो जिंकला. मल्लिनाथही आला होता, आईचं बोचकं मोटारसायकलला बांधून. हरलो की तसाच घेऊन जायच्या तयारीने. ते बोचकं आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

नागम्माक्काला ओढायची परवानगी नव्हती. ती बाजूला खुर्चीवर बसली. शिट्टी वाजली आणि तिने गाणं सुरू केलं. आम्ही ओढत होतो. दोर आमच्याकडे येत होता, अजून वीतभर, की जिंकलो.

आणि नागम्माक्का म्हणाली, "...टाक!"

सगळ्यांचे उजवे हात एकदम उठले. रझियाचा, पद्माचा, दोन्ही नणंदांचा. मैदानाच्या मधोमध आम्ही हवेतल्या तव्यावर हवेची भाकरी टाकली. पद्माने तर वर पाणीही फिरवलं. दोर सुसाट पलीकडे गेला, त्याच्यामागून कमरेला बांधलेली मी गेले. सोसायटीच्या बायका उताण्या पडल्या आणि मी त्यांच्यात जाऊन पडले. वैशालीवहिनी माझ्या खालून म्हणाल्या, "तुम्ही आमच्या संघात का?"

लोक हसून हसून खाली बसले. पंच शिट्टी वाजवायला गेला तर त्याला हसू आवरेना, शिट्टीतून नुसती हवा.

रझिया खुर्चीपाशी गेली. "अक्का, 'टाक' नक्को बोलो! हाथ जोडती मैं!"

"तोंडातनं आपोआप आलं की गं."

"फिर गानाच खतम मत करो!"

दुसऱ्या वेळी नागम्माक्काने गाणं संपवलंच नाही. काकी संपल्या, जावई संपला, तेव्हा तिने मंडळाचे अध्यक्ष धरले.

*अध्यक्षसायेब आले नटून,*
*सदऱ्याचं बटन गेलंय तुटून,*
*पोट बघतंय मान्सं लोटून...*

अध्यक्षांनी खाली बघितलं. बटण खरंच तुटलेलं होतं. समोरच्या संघातल्या दोघी हसायला लागल्या, आणि हसणाऱ्या बाईला दोर ओढता येत नाही. आम्ही ओढून घेतलं. एक-एक.

तिसऱ्या वेळी मात्र मला भीती वाटली. वैशालीवहिनी आपल्या बायकांच्या कानात काहीतरी सांगत होत्या आणि सगळ्या आमच्या हातांकडे बघत होत्या. शिट्टी वाजली. दोर मध्येच थरथरत थांबला, ना इकडे ना तिकडे. नागम्माक्का गात होती, तिचा आवाज बसत चालला होता. आणि वैशालीवहिनींनी एकदम मोठ्याने म्हटलं, "एक, दोन, तीन..."

त्यांचा सगळा संघ ओरडला, "टाऽऽक!"

मला पुढच्या सगळ्या पाठी दिसत होत्या. सगळे उजवे खांदे हलले. रझियाची बोटं दोरावरून सुटायला लागली. आणि त्याच्यापलीकडे, मोटारसायकलवरचं ते बोचकं.

मी कधी ओरडले नव्हते. लेकरं झाली तेव्हाही नाही. पण पोटातून आवाज आला, एवढा मोठा की मी मागे वळून बघितलं कोण ओरडलं म्हणून.

"तवा गार हाऽऽय!"

उठलेले सगळे हात परत दोरावर. हे त्या बायकांनी ठरवून केलं नाही. गार तव्यावर भाकरी टाकायची नसते, एवढंच त्यांच्या हातांना माहीत. तिकडे सोसायटीच्या बायका आम्ही सोडणार म्हणून सैल झाल्या होत्या. मी मागे झुकले, माझ्या पुढे सगळ्या झुकल्या. दोर आमच्याकडे आला, दोराबरोबर वैशालीवहिनी आल्या, त्यांच्या मागे सगळे टी-शर्ट आले.

पुढे तासभर आमची पद्मा रडत होती आणि कूलरला मिठी मारून बसली होती. मल्लिनाथने गुपचूप बोचकं सोडलं. "काकी, कूलर हाय तर ऱ्हाऊ द्या अव्वाला," म्हणाला.

कूलर शेडीत आला. नारळ फोडला. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक भाकऱ्यांचा पुडा घेऊन परत आलं. त्याने एक भाकरी काढून काकींच्या डोळ्यांपुढे धरली, ती रुमालासारखी दोन्ही बाजूंनी लोंबली. "काकी, कडक म्हणून नेली हुती. घरी गेल्यावर हिनं मान टाकली."

कूलरच्या दमट हवेने आमच्या भाकऱ्या वातड झाल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या भाकरी वाळवणाऱ्या बायका आम्ही, आणि कूलरच्या नादात एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. काकी म्हणाल्या, एक तर कूलर राहील नाहीतर धंदा. शेवटी रझियाच्या नवऱ्याने तोडगा काढला. कूलर दाराबाहेर लिंबाखाली ठेवायचा, तोंड रस्त्याकडे. नागम्माक्काने त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचं, पुडे बांधायचे आणि आत ऐकू येईल असं गायचं. म्हणजे आम्ही आत भाजायचं आणि कूलर जिंकलेल्यांपैकी एकीलाच वारा. कुणी तक्रार केली नाही, असं मी लिहिणार होते, पण ते खोटं होईल. पद्मा रोज करायची.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं. नागम्माक्काची भाकरी परत कुणाला खायला मिळाली नाही. तशी पातळ भाकरी पुढे कुणाच्याच हातून झाली नाही. ती बाहेर बसून गायची तेव्हा तिचे हात मांडीवर थापत असायचे, आणि 'टाक' म्हटलं की तिचाही उजवा हात उठायचा. पुडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं तिला राम राम करायची, त्यांना वाटायचं म्हातारी आपल्याला हात करतेय.

वैशालीवहिनी मैत्रिणींना घेऊन यायला लागल्या. दर रविवारी मैदानात दोर पडतो, दोन्हीकडच्या बायका मिसळून ओढतात. त्यांचाही हात आता 'टाक'ला सुटतो, त्यामुळे निकाल लागायला फार वेळ जातो.

त्याच वैशाखात, भर दुपारी, मल्लिनाथ आईला बघायला आला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. तो घामाने निथळत कूलरपुढे उभा राहिला आणि बघतच राहिला. नागम्माक्काने पायापासून गळ्यापर्यंत जाड चादर लपेटून घेतली होती. नाकही लाल झालं होतं.

"अव्वा, चार दिस गावाला चल की," तो म्हणाला. "नातवंडं वाट बघत्यात. हिरीपाशी आंब्याखाली बाज टाकतो."

तिने चादर कानापर्यंत ओढली.

"नको रे बाबा," ती म्हणाली, "वळसंगात लई उकडतंय."